टक्क्याच्या पुढचं

मी मोठी होत असताना आमच्या घरात दोन गोष्टींची टंचाई कधीच पडली नाही: आवाज आणि कांदा. आवाज द्वारका चौकाचा. चौकामागच्या गल्लीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मुंबईकडून येणारा, पुण्याकडं जाणारा, धुळ्याला निघालेला प्रत्येक ट्रक आमच्या खिडकीखाली येऊन आपण आल्याचं मोठ्यानं कळवायचा. आता चौकावरून उड्डाणपूल गेलाय. निम्मे ट्रक डोक्यावरून जातात आणि निम्मे अजूनही आम्हालाच कळवतात. कांदा मात्र आईचा. तो खायचा नव्हता. बाल्कनीत गोण्या होत्या, प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधलेली, आणि त्यांतला कांदा हळूहळू सडावा यासाठीच ठेवलेला होता. आई त्याला ‘नमुने’ म्हणायची. खाण्याचा कांदा स्वयंपाकघरात वेगळ्या टोपलीत असायचा. एकदा अप्पांनी चुकून नमुन्यातला एक कांदा पिठल्यात घातला, तेव्हा जेवण झाल्यावर आईनं त्यांना शांतपणे विचारलं, “वजन केलं होतं का आधी?” आमच्याकडं पाहुणे फारसे येत नसत. जे येत ते खिडकीजवळ बसत.

आई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. किती वर्षं करत होती हे सांगणं तिनं सोडलं होतं. विषय साधा होता: साठवलेला कांदा किती सडतो, कधी सडतो आणि ते आधीच सांगता येईल का. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, सायखेड्याला शेती करायचे. त्यांनी आपली कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची लांबट पडवी, जमिनीपासून उचलून बांधली होती, खालून वारा खेळावा म्हणून. लहानपणापासून आईला वाटायचं की नानांच्या चाळीत कांदा कमी सडतो. नानांना ते वाटायचं नाही, त्यांना ते माहीतच होतं. त्यामुळं लेक दर रविवारी एसटीनं येऊन आपल्याच चाळीतले कांदे तागडीत घालते, याचा त्यांना उलगडा होत नसे. “आगं शाले, मी सांगतो ना तुला कमी सडतो. लिही त्यात, नाना म्हनला म्हनून,” ते म्हणायचे. आई म्हणायची, “नाना, तसं चालत नाही.” “मंग लय आवघड हाय तुमचं,” असं म्हणून नाना गोणी उचलायला हात लावायचे. त्यांना त्या प्रबंधाचं एकच कळत होतं, की ते पुस्तक असणार आणि ते त्यांच्या घरात फळीवर ठेवता येणार. “पुस्तक कव्हा व्हायचं?” हा त्यांचा दर रविवारचा प्रश्न होता.

अप्पा, माझे वडील, एसटी स्टँडवर नियंत्रक होते. माइकवरून गाड्यांची घोषणा करायचे. हा आवाज ते घरी येताना स्टँडवर ठेवून येत नसत. “रेवा, दूध घेऊन येणारी वाटी पाच मिनिटांत टेबलाजवळ लागत आहे,” असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे आणि वाटी खरंच पाच मिनिटांनी लागायची. त्यांचा एक सिद्धांत होता. घोषणेत सगळ्यात महत्त्वाचा शब्द शेवटी येतो, तो म्हणजे फलाट. गाडी कुठून आली, कुठं चालली, हे ऐकून माणूस नुसता उभा राहतो. फलाटाचा आकडा ऐकला की चालायला लागतो. म्हणून कुणी बोलताना वाक्य अर्धवट सोडलं की अप्पा म्हणायचे, “याला फलाट नाही.” आमच्या घरात ही तक्रार माझ्या वाट्याला जास्त यायची. त्या वर्षी मी गणितात बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि पुढं काय, या प्रश्नावर “बघू, म्हणजे…” एवढंच म्हणत होते.

आईच्या नोंदणीला मिळालेली शेवटची वाढीव मुदत त्या उन्हाळ्यात संपणार होती. त्या तारखेपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि सगळे सडलेले कांदे नुसतेच सडले असं होणार होतं. कांद्यांची वजनं झाली होती, गणितं झाली होती. अडलं होतं ते टायपिंगशी. अशोकस्तंभाजवळच्या ज्या दुकानात आई कागद घेऊन जायची, तिथल्या मुलाला सूत्रं टाइप करता येत नव्हती. तो बेरजेच्या सिग्मा चिन्हाच्या जागी इंग्रजी ई घालायचा. अपूर्णांकाचा छेद पुढच्या ओळीत जायचा आणि तिथून कधीकधी पुढच्या पानावर. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की सूत्रांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. आई ते चौकोन पेनानं भरायची. एक दिवस ती दुकानातून आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मी नाही करत आता.” तिनं हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, कारण आई चिडली की आवाज चढवायची आणि हा चढलेला नव्हता.

माझ्या कॉलेजातली एक पुढच्या वर्गातली मुलगी पुण्याला शिकत होती. सुट्टीत ती आली तेव्हा मी तिला हे सांगितलं आणि तिनं मला एक सीडी आणि झेरॉक्स केलेलं इंग्रजी पुस्तक दिलं. म्हणाली, गणितवाले सगळे यातच लिहितात. त्याचं नाव लाटेक. घरी मी ते मोठ्यानं सांगितलं. अप्पा कणीक मळत होते, कारण त्या वर्षी स्वयंपाकाची सूत्रं त्यांच्याकडं होती. ते म्हणाले, “लाट एक, भाज एक. चांगलं नाव आहे.” पुढं आमच्या घरात त्याला कुणी दुसरं नाव दिलं नाही. आई कॉलेजातून आल्यावर विचारायची, “लाट एक उघडलंस का?”

ते शिकताना माझी पहिली अडचण अशी झाली की त्यात काही दिसतच नव्हतं. आम्ही घरी आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहायची एक पांढरी खिडकी आणि तीत साधी अक्षरं, बस. अक्षर ठळक करायचं तर ते ठळक करायचं नाही, ‘हे ठळक कर’ असं लिहायचं. आधी उलटी तिरकी रेघ, मग हुकूम, मग महिरपी कंसात मजकूर. हे प्रकरण, हा मथळा, हे सूत्र, अशा नुसत्या खुणा करत जायच्या आणि शेवटी सगळं मशीनच्या हवाली करायचं. पान कसं दिसेल, सूत्राला क्रमांक कुठला, हे ते ठरवणार. आईला वाटलं मी तिची समजूत काढतेय. अप्पांना मात्र लगेच पटलं. “मी तरी गाडी कुठं चालवतो?” ते म्हणाले. “मी फक्त सांगतो. जाते ना ती?” आणखी एक नियम होता. जे ‘बिगिन’ म्हणून उघडलंय ते ‘एंड’ म्हणून बंद केलंच पाहिजे, नाहीतर मशीन पुढं सरकत नाही. हा नियम अप्पांनी घरभर लागू केला आणि फ्रिजचं दार उघडं दिसलं की “एंड!” असं ओरडायला लागले.

मी पहिलं पान केलं ते आईच्या सडीच्या मुख्य सूत्राचं. तीन दिवस नुसत्या चुका येत होत्या. ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ असं मशीन सारखं म्हणायचं, कारण सूत्र दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये लिहायचं असतं आणि मी एक विसरायचे. अप्पा मागून वाचायचे आणि म्हणायचे, “या घरात डॉलर आला कधी, हरवायला?” चौथ्या दिवशी संध्याकाळी मशीन काही न बोलता थांबलं आणि पडद्यावर पान आलं. वर मोठी बेरीज, तिच्या डोक्यावर आणि पायाशी बारीक अक्षरं, खाली नीट रेघ, रेघेखाली छेद, सगळं एका रांगेत. मी आईला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, वाकून बघत राहिली, पदराला हात पुसले आणि परत बघितलं. “हे माझंच आहे का?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती बाल्कनीत गेली आणि गोण्यांवरच्या चिठ्ठ्या विनाकारण सरळ करत बसली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की तसा मला पुढं माझ्या स्वतःच्या पदवीचाही झाला नाही.

मग आमचा कारखाना सुरू झाला. सूत्रं मी लिहायचे, तक्ते मी वेगळे करून चित्रासारखे डकवायचे आणि मजकूर आई स्वतः टाइप करायची, दोन बोटांनी, मनात वाक्य म्हणत. परिच्छेद संपेपर्यंत ती एंटरला हात लावत नसे. एका परिच्छेदाची एकच लांबलचक ओळ व्हायची. विशेष चिन्हांबद्दल मी तिला सांगितलं होतं की काही चिन्हं मशीनला चालत नाहीत, पण ती चुकली की मशीन बोंब मारतं, तेव्हा काळजी नको. आमचा या बोंबेवर पूर्ण विश्वास होता. मे महिन्यात, पंख्याखाली, कलिंगड खात, आम्ही शेवटचं प्रकरण संपवलं. एकही चूक दाखवली नाही मशीननं.

प्रबंध छापल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे तो फार पातळ होता. दुकानातल्या मुलाकडं असताना त्याची उशी होईल एवढा गठ्ठा होता, आता तो निम्म्याच्या आसपास आला होता. मी याचं श्रेय लाटेकला दिलं. पुस्तकात लिहिलंच होतं की ते जागा फार नीट वापरतं. आई तो घेऊन तिच्या मार्गदर्शक सरांकडं गेली. सर तिला इतकी वर्षं एकच सांगत आले होते, फापटपसारा कमी करा. प्रबंध इंग्रजीत होता, पण तुम्ही विचार मराठीत करता आणि वाक्यं लांबवता, अशी त्यांची तक्रार असायची. या वेळी त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि खूश होऊन परत दिला. “आता मुद्द्याचं बोलायला लागलात,” ते म्हणाले, आणि प्रमाणपत्राच्या पानावर सही केली. आईला त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा चहा पाजला. पाच प्रती काळ्या रेक्झिनमध्ये बांधून आल्या, वर सोनेरी अक्षरं. मंगळवारी पुण्याला जाऊन त्या विद्यापीठात द्यायच्या होत्या. तीच मुदतीची शेवटची तारीख होती.

रविवारी संध्याकाळी आई बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघरात होती. बाजरीच्या भाकरी थापत होती, शेजारी कांद्याची पात परतायला घातलेली, खायच्या टोपलीतली. अप्पांनी बाहेर खुर्चीवर बसून एक प्रत उघडली. त्यांना त्यातलं अर्धं इंग्रजी कळत नव्हतं, पण बायकोचं पुस्तक एकदा मोठ्यानं वाचायचं, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी घसा साफ केला आणि स्टँडच्या आवाजात सुरुवात केली. वाक्यं इथं मी मराठीतच देते. “जमिनीलगतच्या चाळीत पावसाळ्याअखेर सडीचं प्रमाण बेचाळीस,” अप्पांनी वाचलं. आतून, भाकरी थापता थापता, आईचा आवाज आला: “टक्के इतकं आढळलं, आणि त्यातली निम्मी सड तळाच्या थरात होती.” अप्पांनी पुढचा परिच्छेद घेतला. “उचललेल्या चाळीत हेच प्रमाण एकोणीस.” आतून: “टक्के, आणि तळाच्या व वरच्या थरात लक्षणीय फरक दिसला नाही.” असं बराच वेळ चाललं. बाहेरून अप्पा, आतून आई. मी मध्ये दारात उभी होते आणि मला ते फार छान वाटत होतं. आईला सगळं पाठ आहे याचं मला कौतुक वाटत होतं. अप्पाही डोलत होते. शेवटच्या पानावर ते आले. “साठवणीची कुठलीच पद्धत शंभर,” ते म्हणाले. आई आतून म्हणाली, “टक्के सुरक्षित नाही, पण खालून वारा लागू दिला तर बराच कांदा वाचतो.” अप्पांनी पान उलटलं, मागं कोरं होतं, परत उलटलं. “हे तू म्हणतेस ते इथं नाही,” ते म्हणाले. “याला फलाट नाही.”

भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि प्रत हातात न घेता, अप्पांच्या खांद्यावरून वाचायला लागली. मी मशीनकडं धावले. त्या झेरॉक्स पुस्तकात एक प्रकरण होतं, ‘शेरे’ नावाचं, जे मी बिनकामाचं म्हणून सोडलं होतं. त्यात लिहिलं होतं की टक्क्याच्या चिन्हापासून ओळ संपेपर्यंत जे काही असेल ते मशीन लेखकाचा खाजगी शेरा समजतं आणि छापत नाही. ही चूक नव्हेच, म्हणून बोंब नाही. आणि आईची ओळ म्हणजे अख्खा परिच्छेद. सडीवरच्या प्रबंधात टक्का नाही असा परिच्छेद कुठून येणार? पहिल्या टक्क्यापाशी प्रत्येक परिच्छेद गपगार झाला होता. आईचा कांदा आणि तिचं म्हणणं, दोन्ही अर्धं गायब होतं आणि उरलेल्यावर सोनेरी अक्षरं होती.

दुरुस्ती अगदीच क्षुल्लक होती. प्रत्येक टक्क्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ. तव्यावरची भाकरी भाजून व्हायच्या आत मशीननं ती केली. आमच्या पडद्यावर प्रबंध फुगायला लागला. जेवताना अप्पा एकदा म्हणाले, “सरांनी दोन दिवस ठेवला होता ना?” आईनं मान हलवली. तिघांच्याही मनात एकच आलं होतं आणि सोमवारी त्याच सरांची नवीन पानावर सही हवी होती.

सोमवारी छपाई झाल्यावर मी आणि आई थेट सरांकडं गेलो. सरांनी जाड गठ्ठा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. “परत वाढवलंत? मी सांगितलं ना, तो उत्तम झालाय. तोच द्या. यावर मी सही करणार नाही.” आई त्यांच्यासमोर इतकी वर्षं “हो सर” म्हणत आली होती. मला वाटलं आताही म्हणेल. तिनं पिशवीतून पातळ प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, “सर, या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? साठवणीची कुठलीच पद्धत शंभर.” सरांनी चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि अर्थ सांगितला. शंभर म्हणजे पूर्णत्व, वाक्य मुद्दाम अपुरं ठेवलंय, सूचक आहे, शेवटाला असंच हवं. चांगलं समजावून सांगितलं त्यांनी. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, ते वाक्य मशीननं तोडलंय. माझं वाक्य हे आहे.” आणि जाड गठ्ठ्याचं शेवटचं पान पुढं करून तिनं ते पूर्ण वाचलं, वाऱ्यापर्यंत, बराच कांदा वाचतो इथपर्यंत. “तुम्ही सांगितलेला अर्थही चांगला आहे,” आई म्हणाली, “पण मी कांदे मोजलेत सर. सही करा.” सरांनी पेन उघडलं. “मी बघत होतो तुमचं लक्ष आहे का,” ते म्हणाले, आणि सही केली. चहा मात्र सांगितला नाही.

मंगळवारी नव्यानं बांधलेल्या पाच प्रती घेऊन आई पुण्याच्या गाडीत बसली. घोषणा एकदाच करायची असा नियम होता. अप्पांनी त्या गाडीची घोषणा तीनदा केली आणि दर वेळी फलाटाचा आकडा इतक्या ठासून म्हटला की चहावाल्यानंही वळून बघितलं. प्रबंध दाखल झाला. पुढं तो मान्यही झाला आणि एक जाड प्रत सायखेड्याला फळीवर गेली. नानांनी ती हातात तोलून बघितली. “भरलंय चांगलं,” ते म्हणाले. मी त्यानंतर गणिताची पुस्तकं छापखान्यांसाठी लावून द्यायला लागले आणि आजही तेच करते. पन्नाशी उलटली तरी टक्क्याचं चिन्ह दिसलं की माझा हात आधी तिरक्या रेघेकडं जातो.

अप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. आई माझ्याकडंच असते, त्याच घरात, आणि हल्ली विसरते. आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग अप्पा नाहीत हे विसरायला लागली. गेल्या दिवाळीपासून माझं नाव तिला सापडत नाही. ओळखीचं काही वाचून दाखवत जा, असं डॉक्टर म्हणाले. मी पेपर वाचून बघितला, तिला कंटाळा आला. मग मी माळ्यावरून पातळ प्रत काढली. चार रद्दीत गेल्या होत्या, एक राहिली होती. जाड प्रतीचा इथं उपयोग नाही, तिच्यात सगळं छापलेलं आहे. रोज संध्याकाळी मी वाचते आणि छपाई जिथं थांबते तिथं थांबते. आई डोळे मिटून पुढचं म्हणते, सगळे आकडे, दशांश चिन्हानंतरचेसुद्धा. लेकीचं नाव गेलं आणि एकोणीस टक्के राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. तरी दिवसभर मी त्याच वेळेची वाट बघत असते.

परवा शेवटचं पान आलं. “साठवणीची कुठलीच पद्धत शंभर,” मी वाचलं आणि थांबले. खाली एक ट्रक येऊन आल्याचं कळवून गेला. मी वाक्य पुन्हा वाचलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं नीट बघितलं.

“पुढचं तू म्हण, रेवा,” ती म्हणाली.

“टक्के सुरक्षित नाही,” मी म्हटलं, “पण खालून वारा लागू दिला तर बराच कांदा वाचतो.”